देवळात शपथ घेऊन गावाने वाळीत टाकले, तर नीती समाजाची मानायची की धर्माची?

आंबेमोहोर यांचा प्रश्न

नीती समाजाकडून येते की धर्माकडून, हा प्रश्न मी पुस्तकात वाचून विचारत नाही. तो माझ्या आजोळच्या अंगणातून आला आहे, म्हणून आधी ती हकिकत सांगते.

आजोळ रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागातले, साधारण सत्तर उंबऱ्यांचे गाव. १९९४ साली ग्रामदेवीच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. गावातून घरटी वर्गणी गोळा झाली आणि मुंबईकर मंडळींनीही हात सैल सोडून पैसे पाठवले. काम आटोपल्यावर माझ्या मामांनी गावकीच्या बैठकीत हिशोब मागितला. पहिल्या बैठकीत तो विषय टाळला गेला, दुसऱ्या बैठकीत मामांना गप्प बसायला सांगितले गेले आणि तिसरी बैठक मामांना न बोलावताच देवळात भरली. देवीसमोर नारळ ठेवून प्रत्येक घरातल्या कर्त्या माणसाने शपथ घेतली की या घराशी बोलायचे नाही, देणेघेणे करायचे नाही, त्यांच्याकडे जायचे नाही आणि त्यांना आपल्याकडे येऊ द्यायचे नाही. जो बोलेल त्याला पाचशे एक रुपये दंड ठरला.

पुढची चार वर्षे मामांचे घर वाळीत होते. गिरणीवर दळण मिळेना, म्हणून मामा दोन गावे ओलांडून पीठ आणत. भाताच्या लावणीला मजूर मिळेना. शिमग्यात पालखी शेजारच्या अंगणात नाचून आमच्या अंगणावरून पुढे निघून गेली, तेव्हा आजी उंबऱ्यात ओटीचे ताट घेऊन उभी होती. ती तशीच किती वेळ उभी राहिली हे सांगताना माझ्या आईला अजूनही शब्द फुटत नाहीत. दुसऱ्या वर्षी आजोबा गेले, त्यांना खांदा द्यायला आईच्या सासरची, म्हणजे आमच्या गावची माणसे आली. आजोळच्या गावातले कोणीही आले नाही.

गेल्या महिन्यात आमच्या घरी चर्चा निघाली. माझे चुलत सासरे म्हणाले की धर्माचा धाक गेला म्हणून माणसे बिघडली. माझा मुलगा म्हणाला की नीती म्हणजे एकत्र राहता यावे म्हणून समाजाने केलेले नियम, त्यात देवाचा संबंध नाही. दोघेही मनापासून बोलत होते, पण मला दोघांचेही पटले नाही. नीती समाजाकडून येत असेल, तर त्या गावापुरता समाज म्हणजे ते सत्तर उंबरेच होते. त्यांतल्या एकोणसत्तरांनी ठरवलेले योग्य मानायचे, तर माझे मामा अनीतिमान ठरतात. नीती धर्माकडून येत असेल, तर त्या गावात अधार्मिक असे कोणीच नव्हते. देवीला विचारल्याशिवाय तिथे कोणी नांगर धरत नाही, आणि आम्हांला वाळीत टाकले तेही तिच्याच साक्षीने.

तरीही ते चूक होते याविषयी मला तिळमात्र शंका नाही. मग ही खात्री मला कोणी दिली? कृपया केवळ ‘माणुसकी’ असे उत्तर देऊ नये, कारण तो शब्द मलाही सुचला होता. माझा प्रश्न असा आहे की माणुसकी त्या एकोणसत्तर घरांत नव्हती असे नाही, मग ती त्या वेळी कुठे गेली आणि ती मुळात येते कुठून?

निवृत्त अध्यापक

आंबेमोहोरताई, मी पस्तीस वर्षे संस्कृत शिकवले, त्यामुळे माझे उत्तर त्या बाजूने येईल.

आपल्याकडे ‘धर्म’ या शब्दाने दोन अगदी वेगळ्या गोष्टी पोटात घेतल्या आहेत. पूजा, व्रत, पंथ हा एक धर्म आणि शेजारधर्म, दानधर्म, पुत्रधर्म यांतला धर्म दुसरा. तुमच्या आजोळच्या माणसांनी पहिल्या धर्माची शपथ घेऊन दुसरा धर्म मोडला. भाषेत दोहोंना एकच शब्द असल्यामुळे आपण काही मोडतो आहोत हे त्यांच्या ध्यानातही आले नसेल.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. धर्म कसा ओळखावा याची मनुस्मृतीने चार लक्षणे दिली आहेत: वेद, स्मृती, सज्जनांचे आचरण आणि आपल्या आत्म्याला जे प्रिय वाटते ते. म्हणजे केवळ ग्रंथ पुरेसा नाही, हे ग्रंथानेच मान्य केले आहे. याज्ञवल्क्यस्मृती आणखी पुढे जाते: ‘अस्वर्ग्यं लोकविद्विष्टं धर्म्यमप्याचरेन्न तु’. एखादी गोष्ट शास्त्राने धर्म्य ठरवली असली, तरी लोकांना तिचा तिटकारा असेल तर ती आचरू नये, असा त्याचा अर्थ. मिताक्षरेने, म्हणजे त्या स्मृतीवरील टीकेने, त्याला उदाहरण दिले आहे मधुपर्कातील गोवधाचे. पाहुण्याच्या सत्कारासाठी गाय मारावी हे एके काळी विहित होते, पुढे समाजाला ते असह्य झाले आणि शास्त्रकारांनी ते बाजूला ठेवले. अशा बाजूला ठेवलेल्या गोष्टींना ‘कलिवर्ज्य’ म्हणतात. कोकणातच वाढलेले महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात अशी पन्नासहून अधिक कलिवर्ज्ये नोंदवली आहेत. त्यांत नियोग, म्हणजे संततीसाठी स्त्रीचा दिरासारख्या परपुरुषाशी संबंध, आहे आणि थोरल्या मुलाला वाटणीत जास्त हिस्सा देणेही आहे.

यावरून मला असे वाटते की धर्म आणि समाज यांतला कोण आधी, हे विचारणेच फारसे उपयोगाचे नाही. समाजाची सदसद्विवेकबुद्धी बदलली की धर्म आपले पान उलटतो, आणि पान उलटल्यावर तीच गोष्ट पुढच्या पिढीला अनादी वाटू लागते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. याच कलिवर्ज्यांत समुद्रप्रवासही आला. समुद्र ओलांडून गेलेल्या द्विजाशी, त्याने प्रायश्चित्त घेतले तरी, संबंध ठेवू नये असे ठरले, आणि विलायतेहून शिकून परतलेल्या तरुणांना एकोणिसाव्या शतकातही त्याचा जाच झाला. पुण्यात १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून केवढे ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, माजले! न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसानेही अखेर प्रायश्चित्त घेतले. लोकांचा तिटकारा हा कधी विवेक असतो, तर कधी निव्वळ भीती असते, आणि या दोहोंतला फरक कसा करायचा हे मात्र स्मृती सांगत नाही.

नांदुरकी

मला हा सगळा वाद थोडा अलीकडचा वाटतो. माणूस ग्रंथ लिहू लागण्यापूर्वी, किंबहुना माणूस होण्यापूर्वीपासून कळपात राहत होता. २००३ साली सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल यांनी कॅपुचिन माकडांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. दोन माकडांना एकच काम दिले, पण मोबदला म्हणून एकीला काकडी आणि दुसरीला द्राक्ष दिले. जी काकडी एरवी तिने आनंदाने खाल्ली असती, ती तिने शेजारणीच्या हातातले द्राक्ष पाहून नाकारली. अन्यायाची चीड ही शिकवलेली गोष्ट नाही, ती आपल्या रक्तात आहे. तुमच्या खात्रीचे मूळ तिथे आहे. समाज आणि धर्म यांनी तिला फक्त भाषा दिली.

आंबेमोहोर

धन्यवाद. पण वाळीत टाकणे हेही कळपाचेच वागणे नाही का? चिडणारे माकड आमच्या बाजूने साक्ष देते हे खरे, परंतु एकाला बाजूला काढून त्याच्यावर सगळ्यांनी पाठ फिरवणे ही प्रवृत्तीसुद्धा रक्तातलीच असणार. रक्तात दोन्ही असतील, तर त्यांतली कोणती ऐकायची हे रक्त सांगू शकणार नाही. अध्यापक सरांनी जिथे हात टेकले तिथेच आपणही येऊन थांबतो असे मला वाटते.

कोर्टकचेरी

मी वकिली करतो आणि वाळीत टाकल्याची काही प्रकरणे हाताळली आहेत. तात्त्विक उत्तर देण्याची माझी पात्रता नाही, पण हा प्रश्न न्यायालयांपुढे कसा आला हे सांगणे उपयोगी ठरेल, कारण तिथे ‘समाज’ आणि ‘धर्म’ हे दोन्ही शब्द अगदी नेमकेपणाने एकमेकांसमोर उभे राहिले.

मुंबई प्रांताने १९४९ साली बहिष्कारास प्रतिबंध करणारा कायदा केला. कोणत्याही समाजाने आपल्या सदस्याला बाहेर टाकणे त्याने बेकायदेशीर ठरवले. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो कायदा रद्द केला. धर्माची शिस्त राखण्यासाठी सदस्याला बाहेर काढणे हा त्या पंथाच्या धार्मिक व्यवहाराचा भाग आहे आणि संविधानाच्या सव्विसाव्या अनुच्छेदाने त्याला संरक्षण दिले आहे, असे बहुमताचे म्हणणे. एकटे सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा वेगळे पडले. बहिष्कृत माणसाची अवस्था आपल्याच समाजात अस्पृश्यासारखी होते, ज्या भावनेने संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली त्याच भावनेने हा कायदा केला गेला आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. मला तो नेहमीच अधिक सबळ वाटत आला आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हा जुना निर्णय पुन्हा तपासण्यासाठी नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला.

दरम्यान महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा अधिनियम संमत केला, आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. तुमच्या मामांच्या काळी हा कायदा असता, तर गिरणी, पालखी, अंत्ययात्रा ही तिन्ही कारणे तक्रारीला पुरेशी होती.

पण अनुभवाची एक गोष्ट सांगतो. पोलीस ठाण्यात गेलेले प्रकरण बहुतेक वेळा समझोत्याने मिटते, कारण तक्रारदाराला त्याच गावात राहायचे असते. कायदा गिरणीवाल्याला दळण द्यायला लावू शकतो, पण दळण देताना ‘पोरं कशी आहेत’ असे विचारायला लावू शकत नाही. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगितले होते की संवैधानिक नीती ही निसर्गतः उगवणारी भावना नाही, ती जोपासावी लागते. ‘नीती येते कुठून’ या तुमच्या प्रश्नातले ‘येते’ हे क्रियापद मला म्हणूनच खटकते. पावसासारखी ती आपोआप येत नसावी.

महाडचा वाचक

अध्यापक सरांचा आदर राखून त्यांच्या एका विधानाला मी विरोध करतो. समाजाचा विवेक बदलला की धर्म आपले पान उलटतो, असे ते म्हणतात. कोणत्या समाजाचा विवेक? पन्नासहून अधिक कलिवर्ज्ये निघाली, गाय वाचली, धाकट्या भावाचा हिस्सा वाढला, पण अस्पृश्यता वर्ज्य करावी असे एकही कलम त्या यादीत आले नाही. ज्यांना यातना होत होत्या ते ‘लोकविद्विष्ट’ या शब्दातल्या ‘लोकां’त मोजलेच गेले नव्हते. शास्त्र बदलण्याची सोय होती हे खरे आहे, परंतु ती ज्यांच्या हातात होती त्यांना ज्या गोष्टी खुपल्या तेवढ्याच बदलल्या गेल्या.

माझे गाव महाड. ज्या जिल्ह्यात आंबेमोहोरताईंचे आजोळ आहे त्याच जिल्ह्यातले, तेव्हा त्याला कुलाबा म्हणत. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर समाजाची नीती बदलली होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे लोक प्रत्यक्ष तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हा त्यांना मारहाण झाली आणि नंतर शेण, गोमूत्र, मंत्र यांनी तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. त्या दिवशी मारणारे हात समाजाचे होते आणि शुद्ध करणारे मंत्र धर्माचे होते. दोघांत भांडण नव्हते. म्हणून ‘समाज की धर्म’ असा पर्याय माझ्यासमोर कोणी ठेवला, तर मला त्यात निवडण्यासारखे काही दिसत नाही.

वाळीत टाकण्याविषयीही बोलतो. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांना दडपण्यासाठी बहिष्कारासारखे परिणामकारक हत्यार नाही आणि त्यापुढे उघड मारहाणही फिकी पडते, असे त्या समितीने नोंदवले. गोलमेज परिषदेत मांडलेल्या मागण्यांत बाबासाहेबांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली होती. कोर्टकचेरी यांनी सांगितलेला २०१६ चा कायदा व्हायला त्यानंतर पंचाऐंशीहून अधिक वर्षे गेली.

आता प्रश्नाचे माझे उत्तर. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी म्हटले आहे की नीती चोरांतही असते, व्यापाऱ्यांतही असते, जातभाईंतही असते. चोर एकमेकांशी इमान राखतात. पण ती गटाच्या हितापुरती नीती असते, गटाबाहेरच्या माणसाला ती लागू नसते, म्हणून ती समाजविरोधीच असते. आंबेमोहोरताई, तुमच्या एकोणसत्तर घरांत नीती होती, एकजूट होती, शब्द पाळण्याची वृत्ती होती. चोख होती, म्हणूनच ती चार वर्षे टिकली. तिच्यात एकच उणे होते. सत्तरावे घर त्या नीतीच्या बाहेर काढता येत होते. माझ्या दृष्टीने ज्या नीतीतून कोणालाही बाहेर काढता येत नाही तीच नीती, आणि तिलाच बाबासाहेबांनी पवित्र मानले. धम्मात देवाची जागा नीतीने घेतली, असे ते म्हणतात तेव्हा त्यांना हेच अभिप्रेत आहे असे मी समजतो.

तुमच्या खात्रीचे उत्तरही यात आहे. तुम्ही बाहेर काढलेल्या घरातल्या आहात. नियम कसा आहे हे आत बसलेल्यापेक्षा बाहेर काढलेल्याला लवकर कळते.

पायवारी

माळकरी घरात जन्मलो आणि एकोणीस वर्षे आळंदी ते पंढरपूर पायी चाललो आहे. महाडच्या वाचकांचे शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले आणि मला आमच्या परंपरेची सुरुवात आठवली. वारकरी संप्रदाय ज्यांना माउली म्हणतो ते ज्ञानेश्वर वाळीत टाकलेल्या घरातले होते. संन्यास घेऊन पुन्हा संसारात आलेल्या विठ्ठलपंतांना आळंदीच्या ब्रह्मवृंदाने देहान्त प्रायश्चित्त सांगितले, आणि पोरकी झालेली चार भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत गेली, असे परंपरा सांगते. त्याच मुलाने पुढे पसायदानात ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ असे मागितले. खळ नष्ट होवोत असे त्यांनी म्हटले नाही. त्यांचा वाकडेपणा जावो, एवढेच मागितले. मला यात धर्म दिसतो, आणि हा धर्म गावकीच्या नारळातून आलेला नाही.

तुकोबांनी तुमचा प्रश्न जवळजवळ तुमच्याच शब्दांत सोडवला आहे असे मी मानतो. ‘याती शूद्र वंश केला वेवसाव’ या अभंगात ते स्वतःची हकिकत सांगतात: दुष्काळ पडला, द्रव्य गेले, मान गेला, बायको अन्न अन्न करीत मेली. त्याच अभंगात ही ओळ येते:

सत्य असत्यासी मन केलें ग्वाही।
मानियेलें नाहीं बहुमता।।

खरे काय आणि खोटे काय याला साक्षीदार मन केले, बहुमताला मानले नाही. आजच्या काळातला कोणीही विवेकवादी या ओळीखाली सही करील. पण तुकोबा तिथे थांबत नाहीत. त्याच अभंगात स्वप्नात मिळालेला गुरूचा उपदेश मानल्याचे आणि नामावर दृढ विश्वास धरल्याचे ते सांगतात. म्हणजे त्यांचे मन एकटे, हवेत लोंबकळणारे नव्हते, ते विठ्ठलाला बांधलेले होते. बहुमताविरुद्ध उभे राहायला माणसाला पायाखाली काहीतरी घट्ट लागते. कोणाला ते संविधानात सापडते, कोणाला धम्मात, आम्हांला ते विटेवर सापडले. आणि नीतीची व्याख्या विचाराल तर त्यांनी एका ओळीत दिली आहे: ‘पुण्य पर उपकार पाप ते परपीडा’. यात देवाचे नावही नाही, हे माझ्या कीर्तनकार मित्रांना मी नेहमी दाखवतो.

पण मला लपवाछपवी करायची नाही. त्याच विठ्ठलाच्या देवळाच्या पायरीशी चोखोबांची समाधी आहे, ज्यांना आत जाता आले नाही. चोखोबांचे अभंग आम्ही शतकानुशतके डोळे मिटून गात राहिलो, आणि तरीही हरिजनांना मंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस उपोषण करावे लागले. उपोषणाला विरोध करणाऱ्यांत माळ घातलेली माणसे होती. गाणे ओठांवर असणे आणि ते आत उतरणे यांत केवढे अंतर असते, हे मला वारीच्या वाटेवर अनेकदा जाणवते. आंबेमोहोरताईंच्या आजीसमोरून पालखी निघून गेली, ते वाचल्यापासून मला चैन नाही. पालखीला खांदा देणारा मीही आहे. पालखीचा खांदा माझा असता तर मी थांबलो असतो का, याचे उत्तर मला छातीठोकपणे देता येत नाही.

आंबेमोहोर

सर्वांनी इतक्या गांभीर्याने लिहिले याबद्दल मी ऋणी आहे. पायवारी यांचे उत्तर वाचल्यावर मी आईला फोन केला. मूळ प्रश्नात मी न लिहिलेली एक गोष्ट तिने पुन्हा नीट सांगितली. तेव्हा ती मला महत्त्वाची वाटली नव्हती, आता वाटते.

आजोळच्या घराला लागून एक घर आहे, तिथल्या बाईंना आम्ही काकी म्हणतो. देवळात शपथ घेणाऱ्यांत त्यांचे यजमान होते. मामांचा धाकटा मुलगा त्या वेळी सात-आठ महिन्यांचा होता आणि मामींना दूध पुरत नव्हते. मामांची म्हैस त्याच वर्षी दगावली होती, आणि गावातून रतीब मिळणे शक्य नव्हते. वाळीत टाकल्यावर आठ दिवसांच्या आत, पहाटे अंधारात, आमच्या मागच्या पडवीत तांब्याभर दूध येऊ लागले. काकी तांब्या ठेवत आणि एक शब्द न बोलता कुंपणाच्या गडग्यापलीकडे निघून जात. मामींनी एकदा त्यांना अडवून बोलण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी ओठांवर हात ठेवला. हे दीड वर्ष चालले. काकी शाळेत गेलेल्या नाहीत.

बहिष्कार उठल्यावर, म्हणजे मामांनी दंड आणि नारळ देऊन हिशोबाची मागणी मागे घेतल्यावर, मामींनी त्यांना विचारले की तुम्हांला देवीच्या शपथेची भीती नाही वाटली? त्यावर काकींनी जे सांगितले ते आईला शब्दशः आठवते. त्या देवळात एकट्या गेल्या होत्या आणि त्यांनी देवीला गाऱ्हाणे घातले होते: ‘आई, तुझी शपथ मी मोडीत नाय. मी बोलणार नाय. पण पोराला दूध घालीन. त्याचा काय दोष असंल तो माझ्या पदरात घाल, पोराच्या नको.’

मी हे कालपासून मनात घोळवते आहे. काकींनी समाजाचा हुकूम मोडला, हे स्पष्ट आहे. धर्म मोडला का? त्यांच्या मते नाही. ज्या देवीच्या नावाने गावाने निर्णय दिला, त्याच देवीपुढे त्यांनी वरचे अपील केले, आणि शिक्षा झालीच तर ती कोणी भोगायची हेही स्वतः ठरवून टाकले. नांदुरकी म्हणतील की भुकेले मूल रडताना ऐकू येत होते आणि कुठल्याही आईच्या काळजाला ते सहन होत नाही. तेही खरेच असणार, कारण आमचा गडगा कमरेएवढाच आहे. पण मुलाचे रडणे त्या आळीतल्या आणखी पाच-सहा घरांना ऐकू जात होते. अध्यापक सर, आत्म्याला प्रिय ते, हे जे चौथे लक्षण तुम्ही सांगितले, ते काकींच्या बाबतीत इतर तिन्हींच्या पुढे कसे गेले? माझा मूळ प्रश्न बहुधा हाच होता आणि तो मला नीट मांडता आला नव्हता.

निवृत्त अध्यापक

ताई, भाष्यकारांनी त्या चौथ्या लक्षणाला सगळ्यांत खालची जागा दिली. जिथे शास्त्राने दोन पर्याय मोकळे ठेवले असतील तिथेच मनाचा कौल घ्यावा, अशी त्यांनी मर्यादा घातली, कारण प्रत्येकाचे मन प्रमाण मानले तर व्यवस्था राहणार नाही असे त्यांना भय होते. मी वर्गात हे भाष्य वर्षानुवर्षे काहीही शंका न घेता शिकवले. काकींचे गाऱ्हाणे मला त्या वेळी ठाऊक असते, तर तो पाठ मी वेगळ्या रीतीने घेतला असता. महाडच्या वाचकांचा आक्षेपही मला मान्य आहे. ‘लोक’ कोण, हे विचारायला मी विसरलो होतो.

महाडचा वाचक

  

काकींना माझा नमस्कार. दीड वर्ष रोज पहाटे उठणे ही लहान गोष्ट नाही, आणि पकडल्या गेल्या असत्या तर दंड त्यांच्या घराला बसला असता. तरीही एक गोष्ट मला बोलल्यावाचून राहवत नाही. ते दूध मागच्या दाराने, अंधारात आणि मुक्याने आले. मूल जगले, पण नियम जसाच्या तसा उभा राहिला, आणि शेवटी दंड भरला तो तुमच्या मामांनी. दयेने माणूस वाचतो हे मी नाकारत नाही. आमच्याही पूर्वजांना कोणी कोणी वरून ओंजळीत पाणी घातले असेल. चवदार तळ्यावर मात्र आम्ही दिवसाढवळ्या गेलो, कारण आम्हांला ओंजळ नको होती, तळे हवे होते. नीतीचा उगम काकींच्या काळजात आहे असे मान्य केले, तरी ती पुढच्या दाराने येईपर्यंत मी तिला पुरी म्हणणार नाही.

म्हणून विचारतो, राग मानू नये: त्या चार वर्षांत एखाद्या दिवशी, उजेडी, सर्वांना दिसेल असे कोणी तुमच्या मामांच्या अंगणात आले होते का?

आंबेमोहोर

राग कसला. मी आईला हेही विचारले. पोस्टमन येत असे, तो बाहेरगावचा होता. गावातले कोणी आले नाही.